घर पाडले, मलबा कुठे टाकाल?

शेंदूरजनाघाटात जुने घर पाडले की विटा, माती, गिट्टीचा ढीग आधी रस्त्यावर येतो. ट्रॅक्टर-ट्रॉली सवडीने येते. तोवर नाली तुंबते. ढीग आपल्या घराचा असला तरी रस्ता सगळ्यांचा आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी मलब्याची जबाबदारी स्पष्ट केली. मलब्यामुळे रहदारी किंवा नाली अडू द्यायची नव्हती. तो गोळा करण्यासाठी योग्य कंटेनर ठेवणे आणि भरताच उचलणे हे स्थानिक संस्थेचे काम होते. वाहतूक व प्रक्रियेचे ठरलेले शुल्क मात्र घरमालकाला भरावे लागे. दिवसाला २० टनांपेक्षा किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त मलबा निघणार असेल, तर काम सुरू करण्याआधीच आराखडा मंजूर करून घ्यावा लागे. शिवाय काँक्रीट, माती, विटा-चुना आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळे करावे लागे.

त्यांच्या जागी १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे नियम २०,००० चौरस मीटर वा त्याहून मोठ्या बांधकामांवर पुनर्वापराची जास्त जबाबदारी टाकतात.

घर लहान असो वा मोठे, घण घालण्याआधी नगरपरिषदेत जा. ट्रॉली कुठे उभी करायची, मलबा कुठे रिकामा करायचा आणि शुल्क किती, हे विचारून पावती घ्या.