काळ्या कातळात जीवाश्म का नाहीत?

ओहोटीला हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग उघडा पडतो. कातळावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. जीवाश्म वाटावा अशी. पण ती मिठाची करामत. खारं पाणी दगडात मुरतं, वाळताना मिठाचे स्फटिक फुगतात, कण सुटतात.

हा काळा कातळ बेसाल्टचा, म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्या तापात जीव टिकणार कसा? मात्र दोन उद्रेकांमधल्या काळात तळी साचली. वरळीच्या टेकडीत अशाच गाळाच्या थरात इवले बेडूक सापडले. ‘डायनोसॉर’ हे नाव देणाऱ्या रिचर्ड ओवेननं 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. मला ते बेडूक डायनोसॉरइतकेच थोर वाटतात.

हरिहरेश्वरला जाताना भरती-ओहोटीची वेळ आधी विचाराच. भरतीच्या लाटा या वाटेवर माणसाला ओढून नेतात.