ससा गाठायचा कसा? पेडणे-डिचोलीच्या सड्यांवरची बिनबंदुकीची शिकार

मे महिन्याची तिकिटं निघाली की आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गावच्या बेतांना ऊत येतो. आंबे, काजू, शिरगावची लईराईची जत्रा, केरीचा समुद्र. यंदा त्यात एक वेगळा प्रश्न आला, आणि तोही दोघांकडून. "दादा, गावचा भाऊ म्हणतो रात्री सशाच्या शिकारीला येतोस का? जाताना काय काय न्यायचं? काही टिप्स?"

माझं आजोळ पेडण्याचं. मामा तरुणपणी शिकारीत मुरलेला माणूस होता, त्यामुळे सशाबद्दल मी पुस्तकांआधी त्याच्याकडून ऐकलं. टिप्स भरपूर आहेत. पण आधी सरळ उत्तर देतो: त्या रात्रीच्या फेरीला जाऊ नका. का ते सांगतो, आणि मग ससा गाठायची खरी विद्या सांगतो, कारण ती मात्र शिकण्यासारखी आहे.

कायदा नेमका काय म्हणतो

"ससाच तर आहे, वाघ थोडाच आहे!" हे वाक्य गावोगावी ऐकू येतं. ते चुकीचं आहे, पण त्यामागे इतिहास आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा ससा चौथ्या अनुसूचीत, म्हणजे 'छोट्या शिकारी'त होता आणि परवाना काढून त्याची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने असे परवाने बंद झाले. त्यामुळे आजोबांच्या पिढीच्या गोष्टी ऐकताना त्यांना गुन्हेगार समजायचं कारण नाही, आणि त्यांचं उदाहरण देऊन आज बंदूक उचलायचंही कारण नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ससा आता दुसऱ्या अनुसूचीत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणखी चार गोष्टी तरुणांना सहसा माहीत नसतात.

एक, कायद्यात 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फास लावणं, हाकलून आणणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. मदत करणाराही सुटत नाही. "मी फक्त टॉर्च धरली होती" हा बचाव नाही.

दोन, गोव्यात काही घरांत शेतीच्या संरक्षणासाठी परवान्याची बंदूक असते. तो परवाना हत्यार बाळगण्याचा आहे, शिकारीचा नव्हे.

तीन, बंदूक, टॉर्च आणि मोटरसायकल जप्त होऊ शकते. फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्टही अडकू शकतो. ज्यांचं शिक्षण-नोकरी परदेशाशी बांधलेली आहे, त्यांनी हा हिशेब जरूर करावा. मोबाइलवर हौसेने काढलेला व्हिडिओ पुरावा म्हणून आपल्याच विरोधात उभा राहतो, तो वेगळाच.

चार, आणि मला सर्वांत बोलकी वाटणारी. परवाने मिळत होते त्या काळातही सूर्यास्तानंतर शिकार करणं, गाडीवरून शिकार करणं आणि खास परवानगीशिवाय कृत्रिम उजेड वापरणं मनाई होतं. म्हणजे आज जिला 'परंपरा' म्हणतात ती मोटरसायकल आणि टॉर्चवाली रात्रीची फेरी कायदेशीर शिकारीच्या काळातही बेकायदाच होती.

मामा या फेऱ्यांना शिकार म्हणतच नसे. "उजवाड मारलो काय ससो थंयच रावता. तातूंत कसली शिकार?" असं तो म्हणायचा. रात्री हिंडणाऱ्या सशाचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले असतात. प्रखर झोत पडला की तो दिपतो आणि जागीच थिजतो. थिजलेल्या जनावराला मारायला कसलंच कसब लागत नाही.

आधी ससा ओळखा

आपण मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन प्राण्यांना वापरतो. पिंजऱ्यातला पांढरा, गुबगुबीत ससा मूळचा युरोपातला. तो बीळ खणतो, कळपाने राहतो, आणि त्याची पिल्लं उघडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपल्या सड्यावरचा ससा वेगळा. शास्त्रीय नाव लेपस निग्रिकॉलिस, म्हणजेच काळ्या मानेचा. मानेच्या मागे काळा डाग, शेपटीची वरची बाजू काळी, लांब कान, लांब मागचे पाय, वजन साधारण दोन-तीन किलो. तो बीळ खणत नाही आणि बहुधा एकटाच राहतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात.

बीळ नसल्यामुळे त्याच्याकडे बचावाचे दोनच उपाय उरतात: गवतात दगडासारखं निश्चल बसणं, आणि अगदीच जवळ कुणी आलं तर वाकडंतिकडं पळत सुटणं. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. आपण ज्याला 'भित्रा' म्हणतो, तो कोल्हा, रानमांजर, अजगर आणि घुबड या सगळ्यांना चुकवत उघड्या माळावर आयुष्य काढतो. भित्रा म्हणण्यापेक्षा सावध म्हणणं जास्त खरं.

शिकाऱ्याच्या युक्त्या, बघणाऱ्यासाठी

जुन्या शिकाऱ्याला बंदूक चालवण्याआधी जमीन वाचता यावी लागे. ती वाचायला आजही कुणाची मनाई नाही.

लेंडी: सशाची लेंडी गोल, थोडी चपटी, मोठ्या वाटाण्याएवढी असते. वाळल्यावर पिवळसर तपकिरी दिसते आणि काडीने फोडली तर आत नुसता गवताचा भुसा निघतो. बकरीची लेंडी काळपट, गुळगुळीत आणि लांबट असते. सड्यावर एकाच जागी बऱ्याच लेंड्या दिसल्या तर ती त्याची चरायची जागा समजा.

कातरलेलं गवत: गाईम्हशींना वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे त्या गवत ओढून तोडतात आणि टोक फाटकं राहतं. सशाला वर-खाली दोन्हीकडे धारदार दात असतात. कोवळी फांदी किंवा गवताची काडी कात्रीने तिरकी कापल्यासारखी दिसली की ओळखायचं.

पाऊलखुणा: पळताना सशाचे मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात. त्यामुळे मऊ मातीत पुढे शेजारी शेजारी दोन लांबट ठसे आणि मागे एकापाठोपाठ दोन लहान ठसे दिसतात. लांबटे ज्या बाजूला, त्या बाजूला ससा गेला. पहिल्यांदा बघणारा हमखास उलटी दिशा सांगतो.

बैठक: झुडपाच्या आडोशाला किंवा गवताच्या बेचक्यात सशाच्या अंगाएवढा उथळ खळगा असतो. दिवसभर तो तिथे अंग चोरून बसतो. रिकामी बैठक सापडली तर लांबून बघा, हात लावू नका आणि तिथे रेंगाळू नका.

वेळ आणि वारा: पहाट फुटताना किंवा दिवस मावळताना जा. पावसाळ्यात उंच गवतात काही दिसत नाही. पाऊस सरून गवत पिवळं पडल्यावर, साधारण नोव्हेंबरपासून, सडा मोकळा होतो. वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूला बसा, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही. मातकट रंगाचे कपडे घाला, मोबाइल मुका करा आणि अर्धा तास हलू नका. शहरातून आलेल्या माणसाला हा अर्धा तासच सर्वांत जड जातो.

उजेड: टॉर्च लागलीच तर तिला लाल जिलेटीन कागद लावा आणि झोत जमिनीवर ठेवा. रात्री गाडी चालवताना समोर ससा थिजला तर वेग कमी करा, दिवे क्षणभर मंद करा आणि त्याला वाट सोडू द्या.

फोटो: माझ्या धंद्यातली एक सूचना. मोबाइलचा फोटो बहुतेक वेळा ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सोबत घेऊन फिरतो. सशाची जागा जगाला सांगायची नसेल तर कॅमेऱ्यातली लोकेशनची सोय बंद करा. आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर नोंद करताना नेमकं ठिकाण झाकायचा पर्याय असतो, तो निवडा.

पिल्लू सापडलं तर

काजूच्या बागा साफ करताना कधीकधी गवतात सशाचं एकटं पिल्लू सापडतं. आपल्याला वाटतं, आई सोडून गेली. तसं बहुधा नसतं. आई मुद्दाम लांब राहते, म्हणजे तिच्या वासाने शत्रू पिल्लापर्यंत पोचू नये. अंधार पडल्यावर येऊन दूध पाजते आणि पुन्हा निघून जाते. पिल्लू घरी आणून गाईचं दूध पाजणं म्हणजे चांगल्या मनाने केलेली हत्याच ठरते, शिवाय ते बाळगणंही गुन्हा आहे. जखमी नसेल तर तिथेच राहू द्या, कुत्रे लांब ठेवा. जखमी असेल तर वनखात्याला कळवा.

शेतकऱ्याची बाजू

गावच्या माणसाने "तुम्हाला काय, आमचे अळसांदे खातो तो" म्हटलं तर ते खोटं नाही. वायंगणातल्या कोवळ्या भाजीवर आणि नव्या रोपांवर ससा ताव मारतो. पण बीळ न खणणाऱ्या या प्राण्याला अडवणं रानडुकराच्या मानाने सोपं आहे. मळ्याभोवती जमिनीला टेकलेली तीन फुटी बारीक जाळी आणि रोपांच्या बुंध्याला जाळीचं वेटोळं बरंच काम करतं. उभ्या पिकाची हानी फारच झाली तर कायद्याच्या ११ व्या कलमाखाली वनखात्याकडे दाद मागायची वाट आहे. परवानगीचा निर्णय तिथला अधिकारी घेतो, आपण नव्हे. गाडीच्या क्लच वायरचा फास मात्र कधीही लावू नये. सशासाठी लावलेल्या फासाला समोर कोण येणार हे कळत नाही. त्यात शेजाऱ्याचं कुत्रं अडकतं, आणि बिबट्याही.

सडा राहिला तर ससा

बंदुकीपेक्षा मोठी गोष्ट जमिनीची आहे. जांभ्या दगडाचा सडा लांबून ओसाड दिसतो, म्हणून सरकारी कागदावर तो सहज 'पडीक' ठरतो. मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. आपणही त्याच विमानतळावर उतरून पंधरा मिनिटांत घरी पोचतो, तेव्हा त्याला नुसती नावं ठेवणं बरोबर नाही. डिचोलीत अनेक दशकं लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर पोखरले. २०१२ मध्ये त्या थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, आणि आता लिलावानंतर काम पुन्हा सुरू होऊ लागलं आहे. खाणीतून कुटुंबं जगली हेही खरं. पण या सगळ्यात उरलेला सडा किती आणि त्यावर काय राहतं, याची नोंद गावातल्या माणसाजवळ असायला हवी. ग्रामसभेत "इथे काहीच नाही" असं कुणी म्हणालं, तर तारखेसह काढलेला सशाच्या लेंडीचा फोटोही उत्तर देतो.

जमीन वाचणारी मामाच्या पिढीची माणसं आता सत्तरीपुढे गेली आहेत. त्यांची विद्या लिहून ठेवलेली नाही. त्यामुळे गावच्या भावाला नकार देताना उपदेश करू नका. त्याला म्हणा, "रात्री नको, पहाटे जाऊया, आणि आजोबांना बरोबर घेऊया." त्यांना लेंडी दाखवा, ठसे विचारा, गावातले जुने शब्द टिपून घ्या. ससा दिसेल न दिसेल. दिसला तर क्षणभरच दिसतो: कान ताठ, मानेवरचा काळा डाग, आणि मग नुसतं हललेलं गवत.