मेंदूच्या रंगीत चित्रातील तरतमभाव

मिठबावसारख्या किनाऱ्यावरील गावातही औषध-प्रतिनिधी आता मेंदूच्या रंगीत चित्रांची पत्रके घेऊन येतात. अशाच एका पत्रकात ब्राह्मीयुक्त गोळीच्या नावाशेजारी मेंदूचे चित्र, त्यावर तांबडा ठिपका आणि खाली ओळ होती : ‘स्मरणाच्या मानांकनानुसार क्रियाशीलतेत लक्षणीय वाढ.’ प्रतिनिधीने त्याचा अर्थ सांगितला, ‘औषधाने मेंदू जागा होतो.’ मूळ ओळ मात्र तसे म्हणत नाही. तिचा नेमका अर्थ समजून घेणे वैद्य व औषध-विक्रेते या दोघांच्याही हिताचे आहे.

एफएमआरआय यंत्र मज्जापेशींचे कार्य थेट पाहत नाही. रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो, हे सेइजी ओगावा व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखविले. हा संकेत घटनेनंतर सुमारे पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो. म्हणजे आपल्या परिभाषेत हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे.

आता समजा, यंत्रात निजलेल्या व्यक्तीला नळीवाटे सौम्य ते तीव्र कोकम सरबताचे घोट दिले आणि प्रत्येक घोटाला तिने आंबटपणाचे १ ते ५ गुण दिले. विश्लेषणात दोन रकाने मांडतात. पहिला ‘घोट दिला’ एवढेच सांगतो. दुसऱ्यात प्रत्येक घोटाच्या गुणांतून सरासरी वजा करून उरलेला अंक असतो. या दुसऱ्या रकान्याला पॅरामेट्रिक मॉड्युलेशन म्हणतात. विकल्पसंप्राप्तीतील अंशांशकल्पना जाणणाऱ्या वैद्याला ही दृष्टी परकी नाही. दोष वाढला एवढ्याने आपले भागत नाही, किती अंशाने वाढला हे आपण विचारतोच.

दुसऱ्या रकान्याचे उत्तर म्हणजे चढण : आंबटपणा एका गुणाने वाढला तर संकेत किती बदलतो? म्हणून तांबडा ठिपका ‘येथे क्रिया अधिक’ असे सांगत नाही, ‘येथे क्रिया गुणांबरोबर वाढते’ एवढेच सांगतो. सर्व घोटांना सारखाच जोरदार प्रतिसाद देणारा भाग या चित्रात दिसणारच नाही. उलट, विश्रांतीच्या पातळीखालीच राहणारा भाग गुणांबरोबर थोडा थोडा वर येत असेल, तर तो तांबडा दिसेल.

शिवाय ही चढण सरळ रेषेची गृहीत धरलेली असते. सारात आमसूल काही मर्यादेपर्यंत रुचते, पुढे तोंड वाकडे होते. रुचीप्रमाणे चढून उतरणारा प्रतिसाद सरळ रेषेत शून्यवत् भासू शकतो. त्यासाठी गुणांच्या वर्गाचा वेगळा रकाना लागतो.

तीव्रता व रुची हे दोन्ही रकाने एकत्र घेतल्यास आणखी पेच पडतो. ते परस्परसंबद्ध असतील आणि एकामागून एक लंबरूप केले असतील, तर दोघांतील सामाईक वाटा पहिल्याच्या पदरात पडतो. क्रम बदलला की निष्कर्षही बदलू शकतो. २००३ मध्ये डाना स्मॉल व सहकाऱ्यांनी गोड व कडू रस तीव्र आणि सौम्य अशा दोन्ही प्रमाणांत देऊन हा गुंता टाळला. त्यात अमिग्डाला या भागाचा प्रतिसाद तीव्रतेशी, तर नेत्रकोटराच्या वरील अग्रमस्तिष्काचा प्रतिसाद आवडी-नावडीशी निगडित आढळला.

मेंदूत हजारो बिंदूंची एकाच वेळी कसोटी लागते, त्यामुळे योगायोगानेही काही बिंदू उजळतात. क्रेग बेनेट यांनी २००९ मध्ये मेलेल्या सामन माशावर हाच प्रयोग करून दुरुस्तीविना ‘क्रिया’ दाखविली. अँडर्स एकलुंड व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखविले की, समूहबिंदूंच्या प्रचलित पद्धतींत काही परिस्थितीत खोट्या होकाराचे प्रमाण सत्तर टक्क्यांपर्यंत जाऊ शकते.

आता पुन्हा त्या पत्रकाकडे वळू. त्यात केवळ औषध घेतलेल्यांची चढण होती. ती औषधाने आली की मुळातच होती, हे कळण्यास मार्ग नव्हता. औषधगटात चढण लक्षणीय आणि तुलनागटात नाही, एवढेही पुरेसे नसते. दोन चढणींतील फरकाचीच कसोटी लावावी लागते. शिवाय ‘ब्राह्मी’ म्हणजे जलब्राह्मी की मंडूकपर्णी, हेही पत्रकात नव्हते. कोकणात दोन्हींना ब्राह्मी म्हणणारे आढळतात.

तेव्हा प्रतिनिधीला चार प्रश्न विचारावेत : कोणते द्रव्य? चढण कशाच्या गुणांवर? अनेक कसोट्यांची दुरुस्ती केली काय? तुलनागटाशी थेट फरक किती? उत्तरे मिळेपर्यंत असे पत्रक दुकानाच्या दर्शनी भागी लावू नये. मेंदूच्या विकारांवरील उपचाराचा जाहिरातीतील दावा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातविषयक कायद्याच्या कक्षेत येतो, याचेही भान असावे. ब्राह्मीची प्रतिष्ठा शास्त्राने व अनुभवाने मिळविलेली आहे. न समजलेल्या चित्राचा आधार दिल्याने ती वाढणार नाही, उलट असा एखादा दावा खोटा ठरल्यास उणावेल.