जुन्नर ते मुरबाड : नाणेघाटाची पायवाट

जुन्नर आणि मुरबाड ही दोन्ही तालुक्यांची ठिकाणे. एक देशावर, दुसरे कोकणपट्टीत, आणि मध्ये सह्याद्रीचा कडा. आज एकाहून दुसऱ्यास जावयाचे तर माळशेज घाटाने मोटारीत बसावे, दोन-तीन तासांत माणूस पोहोचतो. आमच्या आजीस मात्र मुरबाडकडून लग्न होऊन आली तेव्हा दोन दिवस लागले होते, कारण ती नाणेघाट पायी चढून आली होती. वडील तरुणपणी याच वाटेने बैल घेऊन पौषातल्या म्हशाच्या जत्रेस उतरत आणि परत येताना मीठ व सुकी मासळी घेऊन येत. चाकरीत असताना या वाटेचा तुकडा तुकडा आम्ही गावनकाशांवर पाहिला होता. पायाखाली मात्र ती सबंध कधी घातली नव्हती. निवृत्तीनंतर पहिल्याच मार्गशीर्षात, भात कापून खळ्यावर आलेले असताना, एक धोतर, घोंगडी, भाकरी आणि चार गावांच्या नकाशांच्या नकला एवढे घेऊन आम्ही भाच्यासह जुन्नरहून निघालो.

जुन्नरच्या पश्चिमेस वाट कुकडीच्या खोऱ्याने जाते. माणिकडोहच्या धरणाने या खोऱ्याचा तळ व्यापला असल्याने जुन्या वाटांचे कित्येक तुकडे पाण्याखाली गेले आहेत. तेथे नकाशा घडी घालून ठेवावा आणि डांबरी रस्ता धरावा हेच बरे. पूर्वेकडील द्राक्ष-टोमॅटोचा मुलूख मागे पडतो तशी जमीन तांबडी व उताराची होते, खाचरे लहान होत जातात आणि नाचणी-वरईची वरकस दिसू लागते. उजव्या-डाव्या हातास डोंगर जवळ येतात. चावंडचा किल्ला ओलांडला की मोटारींचा आवाज कमी होतो आणि रस्ता सोडून पायवाटेस लागण्याजोगी जागा सापडते. पूर येथे कुकडेश्वराचे जुने कोरीव दगडी देऊळ आहे. कुकडीचा उगम तेथलाच मानतात. तेथे पाणी प्यालो, भाकरी खाल्ली.

त्या आधी मात्र एक प्रसंग घडला, तो येथे सांगितलाच पाहिजे.

एका वळणावर नकाशातील तुटक रेषा सरळ पुढे जात होती आणि प्रत्यक्षात समोर काटेरी तारेचे कुंपण होते. आत खळ्यावर मळणी चालली होती. आम्ही हाक दिली तेव्हा विशी-पंचविशीचा एक तरुण हातातली पेंढी टाकून आला. आम्ही नक्कल दाखवून विचारले, “ही वाट कोठे गेली?”

तो चटकन म्हणाला, “भाऊसाहेब, वाट सात-बारावर दाखवा. तेथे सारे क्षेत्र आमच्याच नावावर आहे.”

ही शंका पुष्कळ शेतकरी बंधूंस येते, यास्तव थोडे विषयांतर करितो. जुन्या पाहणीच्या वेळी गावनकाशावर गाडीमार्ग दोन समांतर तुटक रेषांनी आणि पायमार्ग एका तुटक रेषेने दाखविला गेला. पायमार्गाखालचे क्षेत्र सर्व्हे नंबरातून वजा केले गेले नाही. ते खातेदाराच्याच क्षेत्रात धरले गेले. म्हणून सात-बारा पाहून वाट नाही असे ठरविता येत नाही. वाट नकाशावर पाहावयाची असते, आणि त्याची नक्कल तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात मिळते. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. हा आकडा विचित्र वाटतो, परंतु मोजणीची जुनी साखळी ३३ फुटांची व सोळा आण्यांची असे. तिचे चार आणे म्हणजे बरोबर सव्वाआठ फूट. गावची अशी वहिवाट वाजिब-उल-अर्जातही नोंदलेली असू शकते. चालू वाट कोणी अडविली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ अन्वये तहसीलदारापुढे दावा करता येतो, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. मुदत टळल्यावर धावत येणारे आम्ही टेबलापलीकडून फार पाहिले आहेत. ज्यास आपल्या शेतात जावयास वाटच नाही, त्याच्यासाठी जमीन महसूल अधिनियम, १९६६, याचे कलम १४३ आहे. तेथे तहसीलदार बांधावरून वाट देण्याविषयी चौकशी करून निर्णय करितात.

हे सर्व आम्ही त्या तरुणास उभ्या उभ्या सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग तो आपली बाजू सांगू लागला, आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती. पावसाळ्यात शहरातून मोटारी भरून माणसे येतात, लावणी केलेल्या खाचरांच्या बांधांवर उभी राहून चित्रे काढतात, बांध फुटतो, बाटल्या चिखलात रुततात आणि नांगरताना बैलाच्या पायास काच लागते. रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. शेवटी तो म्हणाला, “काका, गावच्या माणसाला मी कधी अडवले नाही. पण एक विचारतो. तुमच्या शेतातून वाट होती का? तुम्ही ती ठेवलीत का?”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. भाचा आमच्या तोंडाकडे पाहू लागला. त्या तरुणाने आणखी काही न विचारता कोपऱ्यातील दोन खांबांमधली तार सोडली आणि आम्हांस पलीकडे जाऊ दिले.

संध्याकाळी घाटघरास पोहोचलो. मागे जीवधनचा कडा अंधारात काळा दिसत होता. मुक्काम एका महादेव कोळी कुटुंबात झाला. घरचे म्हातारे बाबा हिरड्याचा व्यापार सांगण्यात रमले. या भागात चैत्र-वैशाखात कोवळा बाळहिरडा झोडून वाळविला जातो आणि वर्षाचा रोख पैसा बहुतेक त्यावरच येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम भागातील हिरड्याची झाडे मुळासकट उन्मळली. “भात दरसाल लावता येते, हिरडा बापाने लावलेला असावा लागतो,” असे ते म्हणाले. त्यांची लेक खाली वैशाखऱ्याकडे दिली आहे. मोटारीने जावयाचे तर केवढा तरी वळसा, म्हणून मावशी अजूनही लेकीकडे घाट उतरूनच जातात. तांदळाचे गाठोडे डोक्यावर घेऊन उतरावयाचे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढून यावयाचे. नाणेघाट हा इतिहासाचा विषय आहे असे आम्ही समजत होतो. मावशींना तो माहेरवाशिणीची खुशाली आणण्याचा रस्ता आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घाटमाथ्यावर गेलो. वारा इतका, की टोपी हातात धरावी लागली. माथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे. जाणाऱ्या-येणाऱ्यांची जकात त्यात टाकीत असा समज आहे. आम्ही वसुलीच्या खात्यात आयुष्य घालविले, त्यामुळे पावती कोण देत असे हा प्रश्न प्रथम मनात आला. ते मात्र कोठे कोरलेले नाही. खडकाच्या अरुंद खिंडीतून उतरले की बाजूस लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. तो इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा मानतात. कर्नल साइक्स यांनी हे लेणे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्य विद्वानांच्या नजरेस आणले आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी व बुह्लर यांच्या श्रमाने लेख वाचला गेला. अश्वमेधादि यज्ञ आणि त्यांत दिलेल्या दक्षिणा, म्हणजे गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे, गावेसुद्धा, यांची त्यात आकड्यांनिशी नोंद आहे. दहा, शंभर, हजार यांस निरनिराळी चिन्हे आहेत. भारतातील आकड्यांच्या अतिशय जुन्या नमुन्यांत हे आकडे मोजतात. मागल्या भिंतीस राजा, राणी व राजपुत्रांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, डोक्यावरची नावे मात्र राहिली. जुन्या दप्तरात खातेदार जाऊन नाव राहिलेले पान असते तसे ते दिसते.

उतार अवघड आहे. वरच्या भागात दगड बसवून केलेल्या पायऱ्या आहेत, मध्ये मध्ये खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. पायऱ्यांचे दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी इतके गुळगुळीत झाले आहेत की कोरड्या दिवसांतही पाय घसरतो. आमचा दोन वेळा घसरला. वडील येथून बैल कसे उतरवीत, हे आता विचारावयास कोणी नाही. खाली रान लागते, मग मोकळवन, आणि एकाएकी कल्याणकडे जाणारा मोठा रस्ता व त्यावरील मालमोटारी. माथ्यावरील नानाचा अंगठा हा सुळका तेथून मागे वळून पाहिला तर आपण तेथून आलो यावर विश्वास बसत नाही.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात सुख थोडे आहे. वैशाखऱ्यापासून टोकावड्यापर्यंत रस्त्याच्या कडेने, जमेल तेथे वाड्यांच्या वाटांनी गेलो. भाताच्या रिकाम्या खाचरांत वालाची पेरणी झाली होती. टोकावड्यास मुक्काम करून तिसऱ्या दिवशी सरळगाववरून मुरबाड गाठले. बाजारात एका दुकानी बसून चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत फिरलो.

घरी आल्यावर चार दिवस तरुणाचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरी गोष्ट अशी की, १९९८ साली आमच्याच मळ्यातून जाणारी पायवाट आम्ही बंधूंनी नांगरून टाकली होती. ओढ्यापलीकडच्या लोकांनी एकदा विचारले, आम्ही कचेरीत आहोत म्हणून दुसऱ्यांदा कोणी विचारले नाही. सहा महिन्यांची मुदत आम्हांस पाठ होती. त्यांस ती कोण सांगणार?

पाचव्या दिवशी दोरी आणि खुंट्या घेऊन मळ्यात गेलो. बांधापासून बांधापर्यंत ३९६ फूट भरले. त्यास सव्वाआठ फुटांनी गुणिले म्हणजे बरोबर तीन गुंठे. तेवढ्यात लावलेला कांदा होता. धाकटे बंधू म्हणाले, “दादा, चाकरीत असताना सुचले नाही, आणि आता कांदा अंगठ्याएवढा झाल्यावर सुचले?” बोलणे खरे होते. तरीही खुंट्या ठोकल्या आणि मधले वाफे मोडले. बंधूंनी दोन दिवस आमच्याशी बोलणे टाकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्यापलीकडच्या आजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधापाशी आल्या. खुंट्यांकडे पाहत क्षणभर थांबल्या, आणि गेल्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या सवयीने ओढ्याच्या फेऱ्याने निघून गेल्या. त्यांच्या घरी जाऊन सांगावयास हवे. उद्या जाणार आहोत.