शेगडीवरचा अष्टकोन

पहिल्या दिवशी ते भांडं आमच्या गॅसवर उभंच राहीना. शेगडीच्या चार पायांमधली पोकळी मोठी आणि भांड्याचं बूड लहान, त्यामुळे ठेवलं की कलंडायचं. शेवटी फुलक्यांची जाळी बर्नरवर टाकली आणि तिच्यावर त्याला बसवलं. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, "एवढ्याशा काळ्या पाण्यासाठी एवढा पसारा?"

ते भांडं म्हणजे मोका पॉट. आपल्याकडे मोका म्हटलं की पेपर वाचणाऱ्याला आधी 'मोक्का' आठवतो आणि मागोमाग टोळीवाले. या मोकाचं नाव येमेनच्या मोखा बंदरावरून आलं. एके काळी जगाची कॉफी तिथूनच जहाजावर चढायची. बाबा बुडन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात लावलेल्या सात बिया तिकडूनच आणल्या, असं परंपरा सांगते. भांडं मात्र अस्सल इटालियन. वायव्य इटलीत, पिडमाँट प्रांतात, ओर्ता तलावाच्या काठी ओमेन्या नावाचं गाव आहे. त्याला लागून असलेल्या क्रुझिनाल्लोमध्ये अल्फोन्सो बियालेत्ती यांचा ॲल्युमिनियमच्या वस्तू ओतण्याचा कारखाना होता. ॲल्युमिनियमचं काम ते फ्रान्समध्ये शिकून आले होते. 1933 मध्ये त्यांच्या कारखान्यात हे अष्टकोनी भांडं तयार झालं.

कल्पना कुठून सुचली याची एक गोष्ट सांगतात. त्या भागातल्या बायका कपडे उकळायला एक मोठं पिंप वापरायच्या. आपल्या जुन्या तांब्याच्या बंबासारखीच त्याच्या मधोमध नळी असायची. फरक इतकाच, की बंबाच्या नळीतून धूर जातो, त्या नळीतून साबणाचं उकळतं पाणी वर चढायचं आणि कपड्यांवर सांडायचं. बियालेत्तींनी म्हणे कपड्यांच्या जागी कॉफी बघितली. गोष्ट खरी असो वा रचलेली, भांड्याचं काम समजून घ्यायला तिच्याइतकं सोपं साधन नाही.

भांड्याचे भाग तीन. खाली पाण्याची टाकी, तिच्यात उभी नळी असलेली पावडरची वाटी, आणि वर कॉफी जमा होते ते झाकणाचं भांडं. पाणी तापलं की टाकीतली कोंडलेली हवा आणि वाफ फुगतात आणि पाण्याला खाली दाबतात. पाण्याला वाट एकच, नळीतून वर. ते पावडरीतून आरपार जातं आणि वरच्या भांड्यातल्या तोटीतून कॉफी होऊन बाहेर येतं. टाकीच्या बाजूला पितळी बटणासारखं काही दिसतं, तो सेफ्टी वॉल्व्ह. पाणी त्याच्या खालपर्यंतच भरायचं. कुकर वापरणाऱ्या कुणालाही हे यंत्र पाच मिनिटांत कळतं, कारण आतला दाबही जवळपास कुकरइतकाच असतो: एक ते दोन बार.

दाबाचा हा आकडा लक्षात ठेवा, कारण मोका पॉटवरचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. कॉफीतली दर्दी मंडळी नाक मुरडून सांगतात, की ही एस्प्रेसो नव्हे. एस्प्रेसोला नऊ बार लागतात. बरोबर आहे. पण एस्प्रेसोची ही व्याख्या कधीची, ते कुणी सांगत नाही.

तुरिनच्या आंजेलो मोरिओंदो यांनी वाफेवर कॉफी करणाऱ्या यंत्राचं पेटंट 1884 मध्ये घेतलं. 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेत्सेरा यांनी एकेक कप काढणारं यंत्र आणलं. कॅफेत उभी राहणारी ही पितळेची उंच देखणी धूडं चालायची वाफेवरच, आणि वाफेचा दाब दीड-दोन बारांच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे 1933 मध्ये बियालेत्तींनी जे घरी आणलं, ते त्या काळच्या कॅफेतल्या कॉफीपासून फार दूर नव्हतं. युद्धानंतर 1948 च्या सुमारास मिलानमध्ये आकिले गाज्जा यांचं दांड्याचं यंत्र आलं. दांडा खाली ओढायचा, मग आतल्या स्प्रिंगच्या जोरावर पाणी पावडरीतून दाबलं जायचं. दाब एकदम कितीतरी पटींनी वाढला आणि कपात प्रथमच तो दाट सोनेरी फेस आला, ज्याला आज क्रेमा म्हणतात. त्या दिवसापासून एस्प्रेसो म्हणजे क्रेमा असलेली कॉफी, असं ठरलं. मोका पॉट कुठे कमी पडला नाही. त्याच्या मागे एस्प्रेसोच घर सोडून गेली.

अल्फोन्सो स्वतः आसपासच्या बाजारांत भांडी विकत. खरा धंदा वाढवला तो मुलाने. रेनातो जर्मन युद्धकैदेतून परतले, 1946 मध्ये त्यांनी कारभार हाती घेतला आणि जाहिरातीचा धडाका लावला. बोट वर करून कॉफी मागणाऱ्या मिशाळ माणसाचं चित्र पॉल कंपानी यांनी काढलं. ते आजही बियालेत्तींच्या भांड्यांवर असतं. घरच्या घरी कॅफेसारखी एस्प्रेसो, असं जाहिरात सांगायची. गाज्जानंतर तो दावा खरा राहिला नव्हता, पण इटलीच्या घराघरांत भांडं पोचलं ते पोचलंच. 2016 मध्ये रेनातो वारले तेव्हा त्यांच्या अस्थी एका मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवून पुरल्या. त्याआधीच, 2010 मध्ये, ओमेन्याचा कारखाना बंद झाला होता.

आता आमच्या ओट्यावरची गोष्ट. पहिल्या कॉफीत मी दोन चुका केल्या. पावडर चमच्याने दाबून बसवली आणि भांडं घट्ट पिळलं नाही. आट्यांच्या फटीतून वाफ फुरफुरायला लागली आणि आई दोन पावलं मागे सरकली. पावडर दाबायची नसते. वाटी भरायची आणि बोटाने सारखी करायची. आच मंद ठेवायची आणि झाकण उघडं. कॉफी तोटीतून मधासारखी सावकाश उतरायला हवी. रंग फिकट होऊन खरखर सुरू झाली, की टाकीतलं पाणी संपत आलं आणि आता वाफ चढते आहे, असं समजायचं. त्या वाफेने कॉफी कडू होते. म्हणून खरखर ऐकू येताच, खरं तर तिच्या क्षणभर आधीच, भांडं उतरवायचं. लोक नेमके त्या आवाजाचीच वाट बघत थांबतात.

पावडरीसाठी परदेशी डबे मागवायची गरज नाही. माटुंग्याच्या कॉफीच्या दुकानात जा, पीबेरी किंवा प्लांटेशन ए मागा आणि फिल्टरसाठी देतात तशीच दळून घ्या. चिकोरी नको म्हणून निक्षून सांगा. ती भिजून चिकट होते आणि पाण्याची वाट अडवते. एका वेळी थोडीच आणा. दळलेल्या कॉफीचा वास महिनाभरही टिकत नाही. घरगुती एस्प्रेसो यंत्रांच्या खोक्यांवर 15 बार लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. तो पंपाचा कमाल जोर. कॉफीला नऊच लागतात, आणि चांगल्या ग्राइंडरवाचून तेही वाया जातात.

चौथ्या की पाचव्या दिवशी आईने मोकाची कॉफी आपल्या कपात ओतून घेतली, वर गरम दूध, साखर आणि किसलेलं जायफळ घातलं. एक घोट घेऊन म्हणाली, "आता झाली कॉफी." एखाद्या इटालियन माणसाने कपाळाला हात लावला असता. मला वाटतं, बरोबर तीच होती. मोकाची कॉफी दाट आणि कडक असते, दुधात हरवत नाही, आणि आपल्याकडची जायफळाची कॉफी कित्येक घरांत इन्स्टंट पावडरीवर भागवली जाते ती तिच्यापुढे अगदीच पांचट लागते.

घ्यायचं ठरवलंत तर दोन गोष्टी बघा. ॲल्युमिनियमचं भांडं इंडक्शनवर चालत नाही. त्यासाठी स्टीलचं मिळतं. आणि एक जादा रबरी रिंग आणून ठेवा, कुकरसारखीच तीही कडक होते. साबण न लावता धुवा आणि सुटे भाग कोरडे करून ठेवा. भांडं अर्धं भरून चालत नाही, म्हणून मापाचा विचार आधीच करा. तीन कपांचा म्हणजे इटालियन मापाचे तीन घोटभर कप. घरातल्या दोघांना तो पुरतो. पाहुण्यांसाठी म्हणून सहा कपांचा घेऊन ठेवू नका. पाहुणे आले की चहाच मागतात.