सौम्य दृष्टिमांद्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘आळशी डोळा’ या रूढ नावातच पहिला गैरसमज दडलेला आहे. नेत्रवैद्यकात ज्याला दृष्टिमांद्य म्हणतात, त्या या विकारात डोळा बहुधा रचनेने निरोगी असतो. मात्र बालपणी त्याच्याकडून स्पष्ट प्रतिमा न मिळाल्यामुळे मेंदू त्याच्या संदेशांकडे दुर्लक्ष करू लागतो, आणि म्हणूनच अचूक नंबरचा चष्मा लावल्यावरही दृष्टी लगेच पूर्ण होत नाही. मांजरीच्या पिल्लांची एक पापणी लहानपणी काही काळ बंद ठेवली, तर डोळा शाबूत असूनही मेंदूतील बहुतेक पेशी त्याला प्रतिसाद देईनाशा होतात, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. तेव्हा यात आळस डोळ्याचा नाही आणि मुलाचाही नाही.

डोळा तिरळा दिसत नाही, म्हणजे दृष्टी ठीक आहे, हा समज सर्वांत घातक म्हणावा लागेल. दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक असला तरी दृष्टिमांद्य येते, आणि अशा मुलाचे डोळे बाहेरून अगदी सरळ दिसतात. सौम्य प्रकारात अधू डोळ्याची दृष्टी साधारण ६/९ ते ६/१२ असते. ६/१२ याचा अर्थ असा की, निकोप डोळ्याला बारा मीटरवरून वाचता येणारे अक्षर या डोळ्याला सहा मीटरवरून वाचावे लागते. चांगला डोळा ही उणीव झाकून टाकतो, आणि स्पष्ट दिसणे म्हणजे काय हे त्या डोळ्याने कधी अनुभवलेलेच नसल्यामुळे मूल तक्रार करत नाही. म्हणून प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा लागतो, आणि तेही दुसरा डोळा चिकटपट्टीने झाकून, कारण मुले बोटांच्या फटीतून सहज पाहतात. शिवाय दृष्टिमांद्य असलेला डोळा सुटे अक्षर ओळखतो, पण ओळीतल्या दाटीत तेच अक्षर चुकतो. त्यामुळे केवळ सुट्या अक्षरांवर केलेली तपासणी फसवी ठरू शकते.

अक्षरओळख नसलेल्या मुलाचा नंबर काढता येत नाही, हेही खरे नाही. बाहुली मोठी करणारे आणि जवळचे पाहण्यासाठी भिंगाच्या फुगवट्यात होणारा बदल तात्पुरता थांबवणारे थेंब घालून, डोळ्यात टाकलेल्या प्रकाशाच्या परावर्तनावरून नंबर मोजता येतो. त्यासाठी मुलाच्या उत्तरांची गरज नसते.

चष्म्याने डोळे अधिकच कमजोर होतात, या समजुतीपायी अनेक मुलांचा मोलाचा काळ वाया जातो. प्रत्यक्षात चष्मा हाच उपचाराचा पहिला टप्पा आहे. नंबरांतील फरकामुळे दृष्टिमांद्य आलेल्या, तीन ते सात वर्षांच्या ८४ मुलांवरील, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात केवळ चष्म्याने ७७ टक्के मुलांची दृष्टी तक्त्यावरील किमान दोन ओळींनी सुधारली आणि सुमारे एक चतुर्थांश मुलांचा विकार पूर्ण बरा झाला. सुधारणा थांबली, तरच पट्टीचा विचार होतो. ती चांगल्या डोळ्यावर लावायची असते, अधू डोळ्यावर नव्हे. दिवसभर पट्टी लावलीच पाहिजे असेही नाही, कारण मध्यम दृष्टिमांद्यात रोजचे दोन तास आणि सहा तास यांचा परिणाम चार महिन्यांनंतर सारखाच आढळला. पट्टी न सोसणाऱ्या मुलांसाठी चांगल्या डोळ्याची दृष्टी तात्पुरती धूसर करणारे अ‍ॅट्रोपिनचे थेंब डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतात. तिरळेपणाची शस्त्रक्रिया डोळे सरळ करते. दृष्टिमांद्याचा उपचार मात्र वेगळा करावाच लागतो.

सात वर्षांनंतर काहीच उपयोग नाही, हा निष्कर्षही घाईचा आहे. लवकर केलेला उपचार अधिक फळतो हे निर्विवाद. तथापि सात ते बारा वर्षांच्या मुलांतही चष्म्याला पट्टी आणि थेंबांची जोड दिल्यावर निम्म्याहून अधिक मुलांमध्ये लक्षणीय सुधारणा दिसली आहे. उपचार थांबवल्यावर पहिल्या वर्षात सुमारे एक चतुर्थांश मुलांची दृष्टी पुन्हा घसरते. म्हणून पट्टी सुटली तरी पालकांनी चष्मा सोडू देऊ नये आणि फेरतपासण्या चुकवू नयेत.