पातं जर्मन, नाव फिरंग

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विंचूरच्या विठ्ठल शिवदेवांचं घोडदळ दमाजी गायकवाड आणि इब्राहिमखान गारदी यांच्या शेजारी उभं होतं. त्या बगलेवरची शस्त्रांची भाषा ऐकायला हवी. ‘गारदी’ फ्रेंचांकडून आलेला, ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ पोर्तुगीजांकडून, ‘तोफ’ तुर्कांकडून. आणि ‘फिरंग’ ही तलवार?

फिरंगेचा माग मला सर्वांत मोलाचा वाटतो. सोळाव्या शतकापासून युरोपची लांब, सरळ पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागली. त्यातली कितीतरी जर्मनीतल्या झोलिंगेन गावच्या कारागिरांची. दख्खनेत त्यांना खांड्याची मूठ बसली. मागे निघालेली दांडी दुसऱ्या हाताला पकड देई. पोलाद जर्मन, पण जर्मन नाव काही सोबत आलं नाही. फिरंग्यांची म्हणून ती फिरंग. दख्खनी तलवारींत ‘अलेमानी’ हे एक नाव मिळतं, तेही देशाचं. विदेशी पात्यांची कीर्ती मात्र एवढी, की इथले लोहार आपल्या पात्यांवर त्यांचे ठसे हुबेहूब उमटवत.

जपानात उलटं घडलं. १८७१ मध्ये म्यूलर आणि होफमान हे दोन जर्मन लष्करी डॉक्टर तोक्योला आले आणि वैद्यकाचं शिक्षण जर्मनमधून सुरू झालं. रुग्णाच्या नोंदपत्राला तिथे अजून ‘कारुते’ म्हणतात, मूळ जर्मन ‘कार्टे’. १८८९ च्या राज्यघटनेवर प्रशियाची छाप होती. जर्मन ही विद्वत्तेची, शिस्तीची भाषा ठरली. शतकभराने ती कथांमधल्या शस्त्रागारात शिरली. तानाका योशिकी यांच्या १९८२ पासूनच्या अंतराळ-कादंबऱ्यांत साम्राज्याचा अभेद्य किल्ला आहे इझरलोन. खरं इझरलोन झोलिंगेनच्याच प्रांतातलं, तेही धातुकामासाठी नावाजलेलं. २००५ च्या ‘नानोहा’ या अ‍ॅनिमे मालिकेत व्हिटा नावाच्या मुलीचा हातोडा ‘ग्राफ आयझेन’, म्हणजे लोखंडी सरदार, चक्क जर्मनमध्ये उत्तरं देतो. ‘ब्लीच’ या चित्रकथेत (२००१–२०१६) इशिदा उर्यूचं शस्त्र ‘झेले श्नायडर’, आत्मा चिरणारं.

ही नावं केवळ कानाला कडक लागतात म्हणून ठेवली, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. कडक आवाज रशियन भाषेतही आहे. जपानी वाचकाच्या मनात जर्मन शब्दामागे डॉक्टर, प्राध्यापक आणि सेनापती उभे असतात, म्हणून त्या शब्दाला वजन येतं. आपल्या लोहारांनी पात्यावर उमटवलेल्या ठशाचं कामही हेच होतं. जर्मन माणूस ‘झेलेनश्नायडर’ असं जोडून म्हणेल. जपानी लेखकाने मधला ‘न’ गाळला, तरी त्याच्या वाचकांसाठी त्या नावाची धार तेवढीच राहिली.